दाराची जीभ

किसना माणसाकडे सरळ बघायचा. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण आपण कुणी तसं बघत नाही. बोलताना आपण तोंडाकडे बघतो, मग भिंतीकडे बघतो, चुलीवरचं दूध वर आलं काय ते बघतो. किसना तुमच्याशी बोलायला लागला की डोळे तुमच्या तोंडावर ठेवायचा आणि बोलणं संपेपर्यंत उचलायचा नाही. तान्ही मुलं त्याला बघून रडत. गल्लीतल्या नव्या सुना पदर ओढून आत जात. त्याच्या मनात वाईट काही नसे. आयुष्यभर आग बघून त्याची नजरच तशी झाली होती.

त्याची बायको सरोजा म्हणायची, "अंतरपाट काढला तर हे असे बघायला लागले, मला वाटलं माझ्या नाकालाच काहीतरी चिकटलंय. सगळं लग्न मी नाक पुसत काढलं."

आमची घरं लष्कर मोहल्ल्यात, मधे दोन दारं. आम्ही मूळचे रंगारी. माझे सासरे कापड रंगवत, त्यांचे वडील छापत. म्हैसुरात आमच्या किती पिढ्या गेल्या ते कुणी मोजलं नाही. घरात मराठी बोलतो, त्यात निम्मं कानडी असतं, आणि भांडण पुरं कानडीत होतं. रंगाचा धंदा बसला तेव्हा कुणी शिंपी झाला, कुणी बँकेत शिपाई झाला. किसना लोखंडात गेला. त्याचं नाव किसनराव, पण लोक त्याला किट्टण्णा म्हणत. मी वयाने मोठी, म्हणून किसनाच म्हणत असे.

गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅसकटिंगचं दुकान होतं. मोडक्या लॉऱ्यांचे सांगाडे, जुनी शटरं, गंजलेल्या टाक्या, जे येईल ते तो कापायचा. माझा नवरा वारल्यावर मी त्याच्याकडे काम मागितलं. त्याने कापायचं आणि मी छिन्नीने कडेची मळी उडवायची. लोखंड वितळून कडेला लोंबतं आणि तिथेच गोठतं, ती मळी. हे बायकांचं काम नव्हे असं म्हणणारे होते. माझ्या डब्यात तांदूळ घालायला त्यातलं कुणी आलं नाही.

त्याच्याकडे एक काळा चष्मा होता. गोल काचांचा, बाजूने चामडं लावलेला. ज्या म्हाताऱ्याने त्याला हे काम शिकवलं त्याचा तो. तो चष्मा घालून किसना पत्र्यासमोर उकिडवा बसायचा आणि कापाच्या रेघेपेक्षा पत्र्याखाली जास्त बघायचा. तिथून ठिणग्या पडत. सरळ खाली पडल्या तर कापणी बरोबर चालली. मागे ओढल्या तर हात घाईत आहे. वर उसळल्या तर आरपार गेलंच नाही. "ठिणगी खोटं बोलत नाही अक्का, माणसं बोलतात," असं तो म्हणायचा. ते इतक्यांदा म्हणायचा, की सरोजा चपात्या लाटताना त्याच्या आवाजात ते म्हणून दाखवायची आणि आम्ही हसायचो.

बाजारातही तसंच. ईरनगेरीची, म्हणजे आमच्याकडची हिरवी वांगी घ्यायची तर आपण दाबून बघतो, देठ बघतो. किसना हात लावत नसे. ढिगासमोर उभा राहून बघायचा, बघायचा, आणि मग बोट दाखवायचा. "हे, हे, आणि ते मागचं." वांगीवाली म्हणायची, "किट्टण्णा, वांगं घेताय की सून बघताय?" पण त्याने दाखवलेल्यात कधी किडकं निघालं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास कसा वाढत गेला ते कळावं म्हणून सांगते.

एकदा सरगूरच्या रस्त्यावर केळ्यांची लॉरी उलटली. क्लीनर आत अडकला होता. पोलिसांनी किसनाला जीपमधून नेलं, मीही गेले, कारण सिलिंडर धरायला माणूस लागतो. पत्रा क्लीनरच्या मांडीवर दाबून बसला होता. कापायची रेघ आणि पाय यात जेमतेम दोन बोटांची जागा. किसनाने ओलं गोणपाट मधे सारलं आणि कापलं. ठिणगी एकदाही पायाकडे गेली नाही. क्लीनर सगळा वेळ पाणी मागत होता आणि लोक रस्त्यावर सांडलेली केळी गोळा करत होते. त्याला अखंड बाहेर काढला, आणि गाडीत घालता घालता तो मेला. आत कुठेतरी फुटलं होतं, ते कुणाला दिसलं नव्हतं.

परत येताना किसना एवढंच म्हणाला, "पाय वाचला. माणूस मेला."

मी म्हटलं, "तुला पाय तेवढा वाचवायचा होता ना. तुझं काम झालं."

"हां," तो म्हणाला. त्यानंतर त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. लोक विचारायचे तेव्हा "केळी बरी होती" म्हणायचा.

पुढे दुकान चालेना. जुनं कापून जोडायचे दिवस गेले, लोक नवीन घ्यायला लागले. गल्लीत पण सिलिंडरांवरून कटकट सुरू झाली. तेव्हा बेळगोळच्या बाजूला, धरणाच्या रस्त्याला, एका मालकाने मोठी शेड टाकली आणि तिच्यात लेझरने पोलाद कापायचं यंत्र बसवलं. जाड प्लेटा यायच्या, त्यातून जहाजाच्या फासळ्या, जोडपट्ट्या, भोकं पाडलेले पडदे असले तुकडे कापायचे आणि ट्रकमध्ये भरून समुद्रकाठच्या गोदीत पाठवायचे. जाड लोखंड कळणारा माणूस हवा म्हणून किसनाला घेतलं. त्याने मालकाला सांगितलं, "अक्का पण येईल. तिचा हात हलत नाही." म्हणून मीही गेले.

माझं काम कडा घासायचं. लेझरने कापलेली कड सुरीसारखी असते. तशीच ठेवली तर तिच्यावर रंग टिकत नाही. धारेवरून तो पातळ होऊन निसटतो, तिथे खारं पाणी लागतं, गंज धरतो आणि तिथून जहाज सडायला लागतं. म्हणून प्रत्येक तुकड्याची प्रत्येक कड ग्राइंडरने गोल करायची. रंगाऱ्याच्या घरात आयुष्य काढून शेवटी मी रंगासाठीच लोखंड घासत होते.

आमच्यात कुणी जहाज बघितलेलं नव्हतं. समुद्रच दोघातिघांनी बघितलेला. किसनाला तर पटायचंच नाही. एक प्लेट उचलायला क्रेन लागते आणि अशा ढीगभर प्लेटा पाण्यावर तरंगणार? शेडचा साहेब चिटणीस म्हणून होता. पुण्याकडचा, तरुण, चांगला शिकलेला. किसना त्याच्यामागे लागायचा.

"साहेब, हा तुकडा कुठं बसतो? नकाशात नोडून सांगा की."

"नोडून म्हणजे?"

"बघून."

चिटणीस हसायचा. "अहो किसनराव, ही कुठली मराठी बोलता तुम्ही?"

"आमची हो. बरी आहे. तुमची पुण्यात ठेवून या, हितं गंजेल."

मग चिटणीसने एकदा कॉम्प्युटरवर जहाजाचं पोट उघडून दाखवलं. आमचे तुकडे अगदी तळाला होते, दोन पत्र्यांच्या मधे. "हे जोडून झालं की वरून बंद होणार," तो म्हणाला. "पुन्हा कुणाला दिसणार नाही."

"मला दिसेल," किसना म्हणाला.

"कसं दिसेल? बंद असतं ते."

"माझी कापणी मला कळते."

चिटणीसने माझ्याकडे बघितलं. मी ग्राइंडर चालू केला.

तेव्हापासून किसनाच्या डोक्यात ते जहाज शिरलं. मालकाने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की हे जहाज पाण्यात सोडतील तेव्हा सगळ्यांना बसने न्यायचं. मालक असं बरंच बोलतो. किसनाने मात्र ते धरून ठेवलं.

आता त्या यंत्राचं सांगते. ते एका बंद खोलीत असतं. खोलीला हिरवट काचेची खिडकी आणि सरकतं दार. दाराला एक लोखंडी जीभ असते, बोटाएवढी. दार लागलं की ती जीभ चौकटीतल्या खाचेत जाते आणि मगच यंत्र चालू होतं. दार उघडलं की जीभ बाहेर येते आणि यंत्र बंद पडतं. कारण लेझरचा जो उजेड लोखंड कापतो तो माणसाला दिसत नाही. दिसतात त्या ठिणग्या. उजेड लोखंडावर आपटून इकडेतिकडे उडतो, डोळ्यात जातो, आणि आत गेलेला कळतही नाही. दुखत नाही, पाणी येत नाही. हे सगळं चिटणीसने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मला चौथीपर्यंतचीच शाळा, पण मला ते समजलं. किसनालाही समजलं असणार.

पण त्याला बाहेर बसायचं होतं, खुर्चीवर. आतलं एका टीव्हीवर दिसायचं आणि त्याने बटणं दाबायची. हे त्याला सोसेना.

"टीव्हीत बघून भाकरी भाजतात काय?" तो म्हणायचा. "ठिणगी खालून बघायची असते. हा टीव्ही वरून दाखवतो."

थोडे दिवस तो खुर्चीवर बसला. मग एकदा मी तुकडे न्यायला गेले तर दार अर्धं उघडं, यंत्र चालू, आणि किसना दारात उकिडवा बसलेला. डोळ्यांवर तो जुना काळा चष्मा. दाराची जीभ त्याने दोन स्क्रू काढून सोडवली होती आणि चौकटीतल्या खाचेत कायमची खोचून ठेवली होती. यंत्राला वाटायचं, दार बंद आहे.

दुसऱ्या पाळीला चैत्रा नावाची मुलगी यंत्र चालवायची. मंड्याकडची, डिप्लोमा केलेली. ती त्याला अंकल म्हणायची. तिने ते बघितलं आणि कानडीत ओरडली, "अंकल, आधी दार लावा! तो चष्मा गॅसचा आहे, या उजेडाला तो चालत नाही."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून हा चष्मा आग बघतोय."

"ही आग नाही अंकल."

तिने कपाटातून या कामाचा वेगळा चष्मा आणून दिला. फिकट हिरव्या काचा, कडेला आकडे लिहिलेले. किसनाने घातला, खाली बघितलं आणि काढून परत दिला. "यात ठिणगीचा रंग खोटा दिसतो," म्हणाला.

चिटणीसने बघितलं तेव्हा तो खूप चिडला. जीभ दाराला परत लावून घेतली. त्या आठवड्यात जाड प्लेटांची खेप आली होती. जाड प्लेट कापताना कधीकधी मधेच उजेड आरपार जात नाही. त्या क्षणी थांबवलं नाही तर वितळलेलं लोखंड वर उसळतं आणि सगळी प्लेट भंगारात जाते. चैत्राच्या पाळीला एक गेली. किसना खुर्चीवर असताना एक गेली. मग आणखी एक. गोदीवाल्यांचा माणूस येऊन मालकाला काय बोलला ते आम्ही ऐकलं नाही, पण मालकाचं तोंड बघितलं.

दोन दिवसांनी जीभ पुन्हा खाचेत होती. यावेळी कुणी ओरडलं नाही. किसना दारात बसायचा, खाली बघायचा, ठिणगी मागे ओढायला लागली की बसल्या जागेवरून बटण दाबायचा. एकही प्लेट गेली नाही. ती खेप संपली तेव्हा चिटणीसने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. मालकाने म्हैसूरपाक वाटला. चैत्राने घेतला नाही. ती मला म्हणाली, "अक्का, हे बरोबर नाही." मी म्हटलं, "नाही." आणि तिचाही तुकडा मीच खाल्ला, वाया कशाला घालवायचा.

मला पहिल्यांदा शंका आली ती बाजारात. किसना वांग्यांच्या ढिगासमोर उभा होता. बघितलं. मग हात घातला आणि एक एक वांगं दाबायला लागला. वांगीवाली म्हणाली, "काय किट्टण्णा, सून पसंत पडेना?" तो हसला नाही.

मग शेडमध्ये माझ्या टेबलाशी येऊन कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवायला लागला. आणि एकदा विचारलं, "अक्का, कड कशी आहे?"

इतक्या वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी विचारायची, तो सांगायचा. मी ग्राइंडर बंद केला.

"कुठला डोळा?" मी म्हटलं.

"सुम्ने र्‍हा."

"गप्प नाही राहणार. कुठला?"

"डावा," तो म्हणाला. "मधोमध डाग आहे. पैशाएवढा. जिथं बघीन तिथं जाऊन बसतो. तुझ्याकडं बघितलं तर तुझं तोंड नाही. कान आहेत, केस आहेत, तोंड नाही."

"किती दिवस?"

"पहिल्यांदा धूसर होतं. मला वाटलं चाळिशी."

"उजवा?"

"उजवा लखलखीत आहे."

"मग उठ तिथून. उद्यापासून दार लाव आणि खुर्चीवर बस. एक गेला, एक राहिला आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला, सरळ, नेहमीसारखा. मला कळलं, की तो आता एकाच डोळ्याने बघतोय. "ही एवढी खेप," तो म्हणाला. "तळाचे शेवटचे तुकडे आहेत. ते गेले की जहाजाचं पोट बंद होतंय. त्यानंतर बसतो खुर्चीवर. शपथ."

मी शपथेवर विश्वास ठेवणारी बाई नाही. त्याच दिवशी घरी जाऊन सरोजाला सांगितलं. तिने पोळपाट तसाच ठेवला आणि त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध जळालाय, तो येणार नाही. उजवा सांभाळा. सरोजा रडली, देव पाण्यात ठेवले, जेवली नाही. तो "हो हो" म्हणाला आणि सकाळी शेडच्या बसमध्ये बसला.

मग मी चिटणीसकडे गेले. त्याच्या काचेच्या खोलीत मी त्याआधी कधी गेले नव्हते. उभ्या उभ्याच सांगितलं, "किसनाचा एक डोळा गेलाय. जीभ दाराला लावा."

त्याचं तोंड उतरलं. मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, बरं झालं सांगितलंत. मी बघतो. एवढी खेप जाऊ दे, चार दिवसांचा प्रश्न आहे. मग त्यांना त्या मशीनवरून काढूनच टाकतो. दुसरं काम देतो, हलकं."

"आज काढा."

"आज कोण चालवणार, मावशी?"

मी पाणी न पिता बाहेर आले. चैत्राला दार लावून चालवता आलं असतं, पण प्लेटा गेल्या असत्या. किसनाला खेप पुरी करायची होती, चिटणीसला करायची होती, मालकाला करायची होती. चौघांनाही सगळं माहीत होतं, मी धरून. सगळे एकाच डोळ्याच्या भरवशावर थांबले होते.

एकाच डोळ्याने बघायचं म्हणून किसना आता आणखी जवळ जाऊन बसायला लागला. पूर्वी दारात बसायचा, आता दाराच्या आत. मान पार खाली घालायचा. त्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, एका प्लेटमध्ये उजेड आरपार गेला नाही. उजेड जायला जागा मिळाली नाही की तो उलटा फिरतो. मी माझ्या टेबलाशी होते. यंत्र थांबल्याचा आवाज आला. बटण त्याने वेळेवर दाबलं होतं. प्लेट वाचली.

तो बाहेर आला, चष्मा कपाळावर चढवला आणि पाण्याच्या पिंपाकडे गेला. तांब्या नेहमीच्या खिळ्यावर होता. त्याने खिळ्याच्या बाजूला हात घातला. मग पुन्हा घातला. मग हात भिंतीवरून फिरवत आणला आणि तांब्या शोधला. पाणी प्यायला. तांब्या बरोबर जागेवर लावला.

"अक्का," तो म्हणाला. "आयतु."

आयतु म्हणजे झालं, संपलं. आम्ही भात झाला की म्हणतो, पाळी संपली की म्हणतो.

दवाखान्यात पुन्हा तेच सांगितलं, आता उजव्याबद्दल. जो भाग जळाला तो जळाला. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दाराची जीभ दाराला लागली होती, नवीन स्क्रूंनी, आणि वर तीन भाषांत पाटी. खेप उरली होती ती चैत्राने दार लावून कापली. दोन प्लेटा गेल्या. त्या भंगारात टाकल्या आणि काम पुढे चालू ठेवलं. मालकाने दवाखान्याचं सगळं केलं, हात आखडला नाही. चौकशी झाली तेव्हा कागदावर लिहिलं, की कामगाराने सूचना देऊनही दाराची जीभ स्वतः काढली होती. ते खरं होतं. तेवढंच खरं लिहिलं.

मी दर रविवारी त्याच्याकडे जायची. पहिले काही महिने तो कॉटवर बसून असायचा आणि माझ्याकडे सरळ बघून बोलायचा, पण डोळे माझ्या तोंडावर नीट बसायचे नाहीत. नंतर एकदा गेले तर तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी म्हटलं, "रागावलास काय?"

"नाही. तुला बघतोय."

"खिडकीकडे तोंड करून?"

"समोर बघितलं तर तू जातेस. बाजूला बघितलं तर कडेनं येतेस. स्वल्प धूसर. पण येतेस." मग म्हणाला, "म्हातारी झालीस की गं."

"आधीच झाले होते. तू ठिणग्या बघत होतास."

तेव्हा तो हसला. सरोजा आतून म्हणाली, "मला पण असंच बघतात. पाहुणे आले की वाटतं नवराबायकोचं भांडण झालंय." ती हे हसत म्हणाली नाही. आयुष्यभर माणसांकडे टक लावून बघणारा किसना आता जो माणूस बघायचा असेल त्याच्यावरून तोंड फिरवायचा. मुलं मात्र आता त्याला बघून रडत नसत.

जहाज पाण्यात सोडायचा दिवस आला. मालकाने शब्द पाळला, बस केली. किसनाला न्यायचं की नाही यावर सरोजा आणि माझं भांडण झालं. ती म्हणाली, "कशाला? काय दाखवायला?" मी म्हटलं, "डोळे गेले ते या जहाजापायी. त्याला विचार." तिने विचारलं. तो आधीच शर्ट घालून बसला होता.

घाट उतरताना बस फार लागली. किसना माझ्या शेजारी बसला होता आणि सारखं विचारायचा, "अक्का, आलं काय?" समुद्र आला तेव्हा मी सांगितलं. त्याने मान दुसरीकडे फिरवली आणि बघितला. म्हणाला, "एवढाच?" मी म्हटलं, "पुढे अजून आहे."

गोदीत माणसांची गर्दी, बँड, झेंडे, मोठमोठ्यांची भाषणं. जहाज उंच धक्क्यावर उभं होतं, खालून तांबडं, वरून निळं, नवा रंग. आमच्या म्हैसुराच्या राजवाड्याएवढं नसेल, पण ज्याने फक्त तुकडे बघितले त्याला मान वर करावी लागत होती. त्यातली आमची कापणी कुठली, आमची कड कुठली, काही कळत नव्हतं. तळाला होती, बंद होती, रंगाखाली होती. चांगले डोळे असते तरी दिसली नसती. मी हे किसनाला सांगितलं नाही, त्याला ते माहीत होतं.

"केवढं आहे?" त्याने विचारलं.

"मोठं आहे."

"हालतंय?"

"अजून नाही. दोर सोडायचेत."

मग तो हळूहळू वळला आणि डाव्या हाताला एक गोदाम होतं, पत्र्याचं, त्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सगळी गर्दी जहाजाकडे तोंड करून, आणि हा एकटा भिंतीकडे. मान स्वल्प तिरकी, अगदी स्थिर. पत्र्याखालच्या ठिणग्या बघताना असायचा तसा. एकदोन लोक त्याच्याकडे बघून हसले. मी त्याच्या शेजारी थांबले.

तेवढ्यात चिटणीस गर्दीतून आला. त्याने किसनाला तसं बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. मी खोटं सांगत नाही, खरंच भरले. त्याला वाटलं असेल, हा रुसलाय, नाहीतर याला दिशा कळत नाही.

"किसनराव," तो म्हणाला, "अहो, जहाज इकडे आहे."

त्याने किसनाचे दोन्ही खांदे धरले आणि फार जपून त्याला वळवलं, जहाजाच्या बरोबर समोर. हनुवटीला बोट लावून तोंडही सरळ केलं. "आता बघा. असेच राहा." दोन पावलं मागे गेला आणि मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो आता शेडमध्ये लावलाय, त्या दाराच्या शेजारी.

किसना जसा उभा केला तसाच उभा राहिला, हात बाजूला, शाळेतल्या मुलासारखा. बँड जोरात वाजायला लागला. लोक ओरडले, दोर सुटले होते. चिटणीस फोटो काढायला पुढे धावला.

"साहेब गेला काय, अक्का?" किसनाने विचारलं.

"गेला."

मग त्याने मान पुन्हा गोदामाच्या भिंतीकडे फिरवली आणि जहाज पाण्यात जाताना बघितलं.